गवती चहाचं तेल: अंगतेलाच्या नोंदी, बॅच 1 ते 4

तेल कोचीन जातीचं, म्हणजे सिंबोपोगॉन फ्लेक्सुओससचं. सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक, 75 टक्के. कुंडीतला आपला नेहमीचा गवती चहा बहुधा सिट्रॅटस जातीचा. त्याच्या तेलात मिरसीन हा दुसरा एक घटक जास्त असतो, त्यामुळे ते जुनं झालं की अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. सिट्रोनेला तर वेगळ्याच गवताचं तेल. बाटलीवर लॅटिन नाव नसेल तर घेऊ नये.

बॅच 1: घाण्याचं तीळतेल 99 ग्रॅम, गवती 1 ग्रॅम. वास झकास. कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून 24 तास पट्टी ठेवली, तर खाली लाल चट्टा आणि खाज. 1 टक्का तेल म्हणजे 0.75 टक्के सिट्रल, आणि खरा त्रास सिट्रलचाच. अंगावर राहणाऱ्या मिश्रणात या तेलाची कमाल मर्यादा 0.7 टक्के धरतात. एकदा ॲलर्जी जडली की पुढे किरकोळ प्रमाणानंही उठते, म्हणून ‘थोडं चुरचुरतंय, चालेल’ हे इथे चालत नाही.

बॅच 2: गवती 0.5 ग्रॅम, तीळतेल 99.5. पट्टी स्वच्छ निघाली, पण घाण्याच्या तेलाचा खमंगपणा वरचढ. अर्ध्या तासात लिंबाचा मागमूस नाही.

बॅच 3 (हीच ठेवायची): फ्रॅक्शनेटेड (थंडीतही न गोठणारं) खोबरेल 99 ग्रॅम, गवती 0.4, लॅव्हेंडर 0.5, वाळा 0.1. वाळ्याचं तेल मधासारखं घट्ट असतं. बाटली कोमट पाण्यात धरल्याशिवाय नीट ओतता येत नाही. बंद बाटलीत आठवडाभर मुरल्यावर गवतीची धार बसते आणि वाळा वास धरून ठेवतो. वजन 0.01 ग्रॅमच्या काट्यावरच करावं. थेंब मोजण्यात अर्थ नाही: ड्रॉपर बदलला की 1 मिलीत 20 थेंबांचे 30 होतात.

आणखी लिंबाळ वास हवा म्हणून लिंबाचं तेल घालणार असाल तर ऊर्ध्वपातनाचं घ्या. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. गवतीला हा दोष नाही.

बॅच 4, पाण्याचा स्प्रे: फसली. तेल वर तरंगलं, आणि हलवून फवारलं तरी काही फवाऱ्यांत जवळपास निव्वळ तेलच. आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकल्यावरही हेच होतं. पुढच्या वेळी गवतीच्या चौपट पॉलिसॉर्बेट 20 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) आधी तेलात कालवून मग पाणी, शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह. मिश्रण ढगाळच राहिलं तर पॉलिसॉर्बेट वाढवायचं.

पातीचा चहा खुशाल प्या; तेल मात्र चहात नको. गरोदरपणात, लहान मुलांना आणि घरात मांजर असेल तर टाळावं.

उरलेलं तेल छोट्या तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये. अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवेनं सिट्रल बिघडतं, आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त झोंबतं.