तबल्यावर कोण?

दुपारी जेवून आडवा झालो आणि मोबाईलवर यमन राग लावला. डोळा लागत आला होता, तेवढ्यात समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर अशी काही तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं) आली की उठूनच बसलो. तबल्यावर कोण? पडद्यावर गायकाचं नाव होतं, फोटो होता, किती लाख लोकांनी ऐकलं तो आकडा होता. तबलजी गायब. चष्मा लावून पाहिलं, मोबाईल आडवा करून पाहिला. नाहीच.

हा प्रश्न मुळात अण्णांचा. आकाशवाणीवर गाणं संपून साथीदारांची नावं सांगायला लागले की ते सगळ्या घराला गप्प करायचे. प्रत्यक्ष गाणं चालू असताना कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी त्यांची हरकत नसे.

पगार झाला की पहिल्या शनिवारी आम्ही दोघं व्ही.टी.ला उतरून चालत काळ्या घोड्याला जायचो, ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात. मी दर वेळी तो घोडा, म्हणजे राजाचा घोड्यावरचा पुतळा, शोधायचो. तो 1965 सालीच राणीच्या बागेत गेला होता, हे मला कुणी सांगितलंच नाही. दुकान 1948चं, म्हणजे दोघांचा शेजार सतरा वर्षांचा. पुढे 2017 साली तिथे नवा घोडा आला, पाठीवर कुणी नसलेला, पण तोवर दुकानाला कुलूप लागून वर्ष झालं होतं.

आत गेलं की अण्णा रेकॉर्ड उचलायचे आणि थेट उलटी करायचे. पुढचं चित्र त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मागच्या मजकुरात साथीदारांची नावं सापडली की मानेनेच ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’च्या सुरावरून रेकॉर्ड ऐकायची की जागेवर ठेवायची, ते मला कळायचं. ऐकायला काचेच्या खोल्या होत्या. आत आम्ही डुलायचो आणि बाहेरच्यांना नुसतं आमचं डुलणं दिसायचं. आठ-दहा चाळून एखादी घ्यायची, तीही दर महिन्याला नाही. कॅसेटी आल्या तेव्हा ती नावं मुंगीएवढी झाली. अण्णा हात लांब करून वाचायचे आणि शेवटी डबी माझ्याकडे द्यायचे. सीडीच्या काळात मी एकटाच जायला लागलो. तरी हात आपोआप डबी उलटी करायचा.

तसं पाहिलं तर तबलजीला नाव मिळालं ते मधल्या काही वर्षांपुरतंच. 1902 साली गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. रेकॉर्ड छापायची जर्मनीत, तिथल्यांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून. तबलजी बिचारा काय पुकारणार? तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकड्यांवर त्याचं नाव फारसं सापडत नाही. पुढे आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी रेकॉर्डच्या वेष्टनाची पाठ ऐसपैस, म्हणून तिथे त्याला जागा झाली.

2016च्या फेब्रुवारीअखेर ऱ्हिदम हाउस बंद झालं. लीप वर्ष होतं, म्हणजे एक दिवस जास्तीचा मिळाला म्हणायचा. शेवटच्या दिवसांत झुंबड उडाल्याचं वाचलं. मी गेलो नाही. ज्या दुकानातून दहा वर्षांत आपण काही घेतलेलं नाही, तिथे गळा काढायला कुठल्या तोंडाने जायचं? मग जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, मग ईडीने जप्त केली. संगीताशी काही संबंध नसलेल्या बातम्यांत दुकानाचं नाव वाचताना चुकल्यासारखं व्हायचं.

अण्णा असते तर डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून त्यांनी नाव सांगितलं असतं. निम्म्या वेळा चुकीचं, पण ठामपणे.

तिहाई पुन्हा ऐकावी म्हणून बोटाने मागे सरकवलं, तर मध्येच साबणाची जाहिरात लागली. तिच्यातही मागे तबला होता. बरा वाजवत होता. कोण, ते नाही सांगितलं.