पगाराच्या स्लिपवरचा देव

म्युनिकमधली पहिली पगाराची स्लिप बघून सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. त्यावर मी पूर्वी पोटभर रडून घेतलंय, परत रडत नाही. आज लिहायचंय ते त्या स्लिपवरच्या एका छोट्याशा चौकटीबद्दल. माझ्या स्लिपवर त्या चौकटीत दोन आडव्या रेघा असतात. माझ्याच ऑफिसात एक मित्र आहे, खोताच्या वाडीतला, म्हणजे आमच्या गिरगावच्या चाळीपासून चालत पाच मिनिटांवरचा. त्याच्या स्लिपवर तिथे ‘आरके’ अशी दोन अक्षरं छापलेली असतात. आरके म्हणजे रोमन कॅथलिक. आणि त्या दोन अक्षरांपायी त्याचा आयकर दरमहा 800 युरो धरला, तर वर आणखी 64 युरो कापले जातात, ते चर्चचा कर म्हणून.

नवीन पत्ता नोंदवायला गेलो की इथे एक फॉर्म भरून घेतात. त्यात धर्माचा रकाना असतो. आपण शाळेपासून धर्म, जात, पोटजात डोळे झाकून भरत आलेली माणसं. त्यानेही हात चालेल तसं ‘कॅथलिक’ लिहून टाकलं. आपण काहीतरी कबूल करतोय असं त्याला वाटलंच नाही. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत हा कर आयकराच्या 8 टक्के आहे, बाकी जर्मनीत 9. सरकार तो पगारातूनच कापतं, स्वतःचं वसुलीचं कमिशन ठेवून घेतं आणि उरलेले पैसे चर्चला पोचवतं. ही सोय 1919 सालच्या राज्यघटनेतली, 1949च्या घटनेने ती तशीच पुढे चालू ठेवली. हिंदूंकडून असा कर कोणी घेत नाही, म्हणून माझ्या आडव्या रेघा. म्हणजे देव मानणारा माझा नवरा आणि न मानणारी मी, दोघांच्या स्लिपवर रेघा सारख्याच.

गंमत अशी की हा मित्र माझ्याहून पक्का नास्तिक आहे. कॉलेजपासून चर्चमधल्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, गेलेला नाही. मग बाहेर पड की, म्हटलं. बाहेर पडणंही सोपं आहे. जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद करणाऱ्या ऑफिसातच जायचं, पासपोर्ट दाखवायचा, सही करायची, फी भरायची. का सोडताय असं कोणी विचारत नाही. 2022 या एका वर्षात पाच लाखांहून जास्त कॅथलिकांनी असं चर्च सोडलं. पण इथल्या बिशपांनी 2012 साली हुकूम काढून ठेवलाय: जो सरकारदरबारी चर्च सोडेल त्याला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, नाही, आणि त्याला कोणाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, होता येणार नाही. आणि मित्राच्या बहिणीला आत्ता बाळ झालंय. गॉडफादर मामानेच व्हायचं, हे वाडीत बाळ जन्मायच्या आधीपासून ठरलेलं आहे.

माझं डोकं फिरलं ते इथे. देव आहे की नाही हा माणसाचा आणि त्याच्या रात्रीच्या झोपेचा प्रश्न. भाच्याला कडेवर घेऊन अल्टारसमोर उभं राहणं हा घरातला मामला. त्या दोन्हींच्या मध्ये आयकर खातं कुठून आलं? जर्मन सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणतात, “पण तो मानत नसेल तर त्याला गॉडफादर व्हायचंच कशाला?” त्यांच्या दृष्टीने प्रश्न बरोबर आहे. मानतोस तर पैसे भर, नाही मानत तर सही कर. मध्ये उभं राहायला जागाच नाही. मी गेले काही आठवडे चहाच्या मशीनपाशी या विषयावर इतकी बोललेय की आता लोक कप घेऊन लांबूनच वळतात.

आमच्या चाळीत मध्ये उभं राहायला जागा होती. माझे वडील, आप्पा, त्याच जागेत आयुष्यभर उभे होते. मंडळाचे ते खजिनदार, आणि अख्ख्या चाळीत उघडपणे नास्तिक म्हणावा असा माणूसही तेवढा एकच. आरती सुरू झाली की ते पावती पुस्तकं आणि पत्र्याची पेटी घेऊन जिन्याखालच्या टेबलापाशी बसायचे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायचा असतो, त्यामुळे फुलवाल्याचं, मांडववाल्याचं, अगदी कापराचं बिलसुद्धा त्यांना लागायचं. “देव नाही, पण हिशेब आहे,” असं म्हणायचे. चाळीतल्या बायकांना याचं भारी कौतुक: देवाला भीत नाही, तरी पैसे खात नाही! त्यांनी हात जोडावेत म्हणून कोणी मागे लागलं नाही, आणि प्रसादाचं ताट मात्र त्यांच्या टेबलावर पहिलं यायचं. ते खायचेही. मोदकाशी त्यांचं वैर नव्हतं.

माझी आई याच्या बरोबर उलट. ती सगळ्यांनाच मानते. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची, आणि तिथल्या रांगेत हिंदू किती असतात हे मुंबईकरांना मी सांगायला नको. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं विकायला असतात. ज्याची अडचण असेल ती वस्तू विकत घेऊन वाहायची. चाळीतली खोली पुरेना तेव्हा आईने मेणाचं घर वाहिलं. पुढे बोरिवलीला ब्लॉक झाला. आप्पा म्हणाले, “कर्ज बँकेने दिलं. हप्ते मी भरतोय.” आई म्हणाली, “बँकेला बुद्धी कोणी दिली?” यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि तिलाही ते नको होतं. पण चाळ काही सुटली नाही. ब्लॉकमध्ये भाऊ-वहिनी गेले, हे दोघं गिरगावातच राहिले.

2011ची जनगणना करायला बाई आल्या तेव्हा आप्पा भाजी आणायला गेले होते. आईने सगळ्यांच्या नावापुढे हिंदू सांगून टाकलं. त्या जनगणनेत देशभरात नास्तिक म्हणून नोंद झाली ती सुमारे 33 हजारांची. पुढे तो आकडा जाहीर झाला तेव्हा आप्पा खूप चिडले, की 33 हजारांत एक कमी पडला तो तुझ्यामुळे. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी फॉर्मवर धर्म सांगायची सक्ती कोणावर करता येणार नाही आणि मला धर्म नाही असं म्हणायचा प्रत्येकाला अधिकार आहे. त्याचं कात्रण त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्याच दारावर बाहेरून आईचे स्वामी समर्थ.

आता मला माहीत आहे, हे असं वाचायला फार गोड लागतं. म्हणून पुढचंही लिहिते.

आप्पा गेले तेव्हा मी तिथेच होते, सुट्टीवर आलेले. वहीत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं: डोळे द्यायचे, देह केईएमला द्यायचा, भटजी नको, दहावं-तेरावं नको. आईने ते वाचून मान डोलावली. गाडी यायच्या आधी मात्र तिने देवघरातून गंगेचा गडू आणला, दोन थेंब त्यांच्या तोंडात सोडले आणि ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. आप्पांचा शब्द राखायचा तर ते पान उचलायला हवं होतं, असं काही मित्र मला आजही सांगतात. मला तसं वाटत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं त्यांची मतं ऐकून घेतली, तिला एवढं तरी मिळायला हवं होतं. चाळीचा लाकडी जिना वळणावर इतका अरुंद आहे की स्ट्रेचर उभं केल्याशिवाय वळत नाही. ते काम मंडळाच्या पोरांनी केलं. त्यातला एक सवयीने “श्रीराम जयराम” म्हणायला लागला, दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं, आणि मग दोघंही गप्प झाले.

तेराव्या दिवशी आईने भटजीशिवाय नुसतं जेवण घातलं. आमची एक नातेवाईक दारातून म्हणाली, “गती कशी मिळणार त्यांना?” ती न जेवता गेली, आणि त्यानंतर आईला तिने फोन केलेला नाही. सणाला नाही, दुखण्याखुपण्यालाही नाही. जी चाळ गप्प बसून सांभाळून घेते, तिच्या शेजारीच हेही असतं.

हे सगळं, म्हणजे तुळशीच्या पानापर्यंतचं, मी एकदा ऑफिसात मोठ्या अभिमानाने सांगितलं. शेवटचं, नातेवाईकाचं, गाळलं. म्हटलं, तुमच्या बव्हेरियात 2018पासून राज्य सरकारच्या कार्यालयांच्या दारात क्रॉस लावायचा नियम आहे, गुड फ्रायडेला डिस्कोत नाचायला कायद्याने बंदी आहे, आणि आम्हाला म्हणता धार्मिक! सगळे हसले. मग एकाने विचारलं, पण तुमच्याकडेच ना तो डॉक्टर, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा, सकाळी फिरायला गेलेला असताना गोळ्या घातल्या त्याला?

मी तयारीत नव्हते. नरेंद्र दाभोलकर, 20 ऑगस्ट 2013, पुण्याचा पूल. मग 2015 साली कोल्हापुरात गोविंद पानसरे. मी लगेच बाजू मांडायला लागले: दाभोलकर देवाच्या विरोधात नव्हतेच, शोषणाच्या विरोधात होते, ते स्वतः तसं सांगायचे. जादूटोणाविरोधी कायदाही आला, 2013 सालीच. दाभोलकरांच्या खुनासाठी 2024 साली दोघांना जन्मठेप झाली. तो माणूस ऐकून घेत होता. आणि बोलता बोलता मला कळत होतं, की मी जेवढं जास्त सांगतेय तेवढं ते वाईटच दिसतंय. देवाच्या विरोधात नव्हते तरी मारलं, असाच त्याचा अर्थ होत होता.

आप्पांना चाळीने सांभाळलं, कारण ते जिन्याखाली बसायचे. मांडवात उभं राहून त्यांनी कधी भाषण केलं नाही. करायची इच्छा नव्हती असंही नाही. एकदा व्याख्यानमालेसाठी त्यांनी विषय सुचवला होता, कमिटीने हसून टाळला, आणि आप्पांनी तो पुन्हा काढला नाही. इथे जर्मनीत तेच भाषण चौकात करता येतं, प्रशासनाला आगाऊ कळवून. हे मला मान्य करावं लागतं आणि ते करताना माझ्या जिवावर येतं. पण माझी आई इथे असती, तर तिने मेणाचं घर कुठे वाहिलं असतं? सदस्य नसलेल्याने मेणबत्ती लावू नये असं इथलं चर्च म्हणत नाही, हे खरं आहे. तरी मला वाटतं तिला इथे कोणीतरी आधी विचारलं असतं, की तुम्ही नक्की कोण? असं कोणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. तरी वाटतं.

मित्राचं काय झालं, तर त्याने सही केली नाही. दरमहा पैसे कापले जातायत. मी चिडले तर म्हणाला, “वर्गणी समज गं. आपल्या वाडीत तुमच्या मंडळाची पोरं पावती घेऊन यायची, तेव्हा माझा बाप देत नव्हता का? त्याने कधी विचारलं का गणपती खरा की खोटा?” मी म्हटलं, त्यात टक्केवारी नव्हती. तो म्हणाला, आकडा तुमची पोरंच सांगायची आणि तो टक्केवारीपेक्षा वाईट असायचा. आप्पा असते तर त्यांनी यावर पावती पुस्तक काढून दाखवलं असतं. मला काही सुचलं नाही.

बाप्तिस्मा मे महिन्यात आहे. मलाही बोलावलंय, आईला तर वाडीतून घरी येऊन आमंत्रण देऊन गेले. तिने काल फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. एक, चर्चमध्ये गुडघे टेकायला लागतील का, कारण आता टेकले की उठवत नाही. आणि दुसरं, जेवणात सगळंच त्यांचं सामिष असणार, तर फुगिया, ते तळलेले गोल पाव, कशाबरोबर खायच्या?