गच्चीवरची जुनी डिश भंगारात देऊ नका

आमच्या पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर दोन अँटेना आहेत, एक सासऱ्यांनी लावलेला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा आणि दुसरी डीटीएचची डिश. डीटीएचचा रिचार्ज आम्ही वर्षापूर्वी बंद केला, सगळे मोबाईलवरच बघतात म्हणून. सगळे म्हणजे आम्ही, सासूबाई नाही. त्यांना सह्याद्रीच्या संध्याकाळच्या बातम्या लागतात, मग रोज दिवाबत्ती झाली की मी त्यांच्यासमोर मोबाईल धरून बसायचे आणि त्या चष्मा वर-खाली करत एवढ्याशा स्क्रीनमध्ये बघायच्या, ते मला बघवेना.

आधी काड्यांच्या अँटेनापासून सुरुवात केली कारण मुलगा म्हणाला मुंबईत असल्याच अँटेनावर डिजिटल दूरदर्शन पकडतात. खरंय ते. २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ (साध्या अँटेनावर येणारं डिजिटल प्रक्षेपण) सुरू केलं, आपल्या महाराष्ट्रातली त्यात मुंबई आणि औरंगाबाद, नाशिक नाही. अँटेनाला बिचाऱ्याला ॲनालॉग काय नि डिजिटल काय, काड्यांची लांबी फ्रिक्वेन्सीला जुळली की तो पकडतो, पण हवेत सिग्नलच नसेल तर काय पकडणार? जुने ॲनालॉग ट्रान्समीटर तर टप्प्याटप्प्याने बंदच झाले. टीव्हीवर दोनदा सर्च लावला, एक चॅनल सापडला नाही.

मग राहिली डिश. एका डिशवाल्याला बोलावलं तर तो बघताच म्हणाला, ताई ही चालणार नाही, नवीन घ्या. मला ते पटलं नाही. पत्रा गंजला नव्हता, कुठे चेपला नव्हता, आणि शेवटी डिश म्हणजे आरसाच की, ज्या उपग्रहाकडे तोंड कराल त्याचा सिग्नल गोळा करून एलएनबीत (डिशसमोरच्या दांडीवरचा तो सिग्नल पकडणारा डबा) टाकणार. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची सेवा २००४ च्या डिसेंबरपासून चालू आहे, महिन्याचे पैसे नाहीत, आणि ती येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. म्हणजे बदलायचा फक्त सेट-टॉप बॉक्स आणि डिशची दिशा. बॉक्स घेताना एमपेग-४ चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या, जुन्या एमपेग-२ वाल्यावर सगळे चॅनल दिसत नाहीत. मी अकराशेला आणला.

रविवारी सकाळी मी आणि मुलगा वर गेलो. नटबोल्ट इतके जाम होते की रात्री खोबरेल तेल सोडून ठेवलेलं तरी पाना फिरेना. डिशची जुनी जागा आधी खडूने आखून घेतली, बिघडलं तर परत आणता यावी म्हणून. नाशिकहून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून साधारण १३४ अंश, आणि उंची ५७ अंशांच्या आसपास. मोबाईलचं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरलं की भलतंच दाखवतं, चार पावलं लांब जाऊन बघा. नाहीतर सोपं सांगते, पंचवटीतून नाशिकरोड आणि सिन्नर यांच्या मधली दिशा धरा. आणि डिश ५७ अंश वर बघतेय असं वाटत नाही, त्यापेक्षा बरीच उभी दिसते म्हणून घाबरू नका, या डिशचा एलएनबी खालच्या बाजूला असतो, तिचं खरं तोंड दिसतं त्यापेक्षा वर असतं.

आमची आधी जरा जास्तच दक्षिणेकडे होती, ती पूर्वेकडे वळवली आणि थोडी खाली घेतली. बॉक्सवर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ पहिल्यापासून भरलेली होती आणि आम्ही त्याच्यावरच भरवसा ठेवून अर्धा तास फुकट घालवला, कारण ती तर नुसता एलएनबी जोडला तरी येते. खरी गोष्ट क्वालिटी. ती शून्यावर होती. मग बोटभर, बोटभर सरकवत, दर वेळी चार-पाच सेकंद थांबत (बॉक्सला पकडायला वेळ लागतो), आणि खाली आई, म्हणजे सासूबाई, सोफ्यावरून ओरडून आकडा सांगतायत. शून्य, शून्य, शून्य, आणि मग एकदम, "अगं बेचाळीस झाले!" एलएनबी जागेवरच थोडा पिळला तर साठच्या वर गेली.

एवढं करूनही चित्र मधेच फुटत होतं. कारण निघालं केबलचं टोक, एलएनबीपाशी एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची आट्यांची पिन) उघडला तर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, पाणी गेलं होतं. दोन इंच कापून नवीन कनेक्टर बसवला, वरून सेल्फ अमालगमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा रबरी टेप) गुंडाळला, केबल खाली लोंबती ठेवली म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. आपल्याकडच्या पावसात हे नाही केलं तर पुढच्या वर्षी परत तेच. जोराच्या सरीत सिग्नल जातो तो वेगळा, तो कुणाचाही जातो, दहा मिनिटांत परत येतो.

शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीची भीती होती पण ५७ अंश म्हणजे बरंच वर असतं, ती टाकी डिशपेक्षा उंच असली तरी आडवी येत नाही.

आता सातला टीव्ही आई स्वतः लावतात. मेरी, म्हसरूळ, हिरावाडीकडच्या कुणाची अशी डिश पडून असेल तर सांगा, रविवारी पाना घेऊन येईन मी.