बॅकस्पेस

दुपारी एका सॉफ्टवेअर लायब्ररीची (म्हणजे आयत्या कोडची) रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल उघडली आणि तिच्यातल्या जीआयएफकडेच, त्या हलत्या चित्राकडेच बघत बसलो. कमांड टाइप करायची काळी खिडकी म्हणजे टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर, भराभर उमटणारी कमांड, लगेच उत्तर, की पुन्हा पहिल्यापासून. हव्या त्या ओळीवर थांबवायची सोय नाही. कमांड कॉपी करावी, तर ते चित्र.

त्यापेक्षा मला आस्कीनेमा हे टर्मिनल रेकॉर्ड करायचं साधन आवडतं. त्यात टर्मिनलवरचा मजकूरच वेळेसकट नोंदला जातो, त्यामुळे मध्येच थांबवून ओळ उचलता येते. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे त्यात टाइप करणारा दिसतो. ‘इन्स्टॉल’ला तिसरा एल लागतो, पुसला जातो. मग कर्सर नुसताच लुकलुकत राहतो. विसरला असेल का पुढचं? कुणी हाक मारली असेल? (रिकामा वेळ छाटायचा पर्याय त्यातही आहे. तो वापरणाऱ्यांवर माझा राग आहे.)

शाळेत गणिताचे सर फळ्यावर चुकले की डस्टर न शोधता तळहातानेच पुसायचे. तेवढ्यापुरता सगळा वर्ग जागा व्हायचा. बरोबर सुटलेली गणितं कुणाला आठवतात?

१९७१ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल आलं, त्यात हलणारं काहीच नव्हतं. पण कमांडच्या माहितीखाली ‘बग्ज’ नावाचा रकाना असे, आणि त्याखाली ‘ओनर’: केन, डीएमआर (युनिक्स लिहिणारे केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची). म्हणजे हे इथे बिघडतं, आणि बिघडलं तर या माणसाला धरा. आता रीडमीच्या वरच्या बाजूला ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या हिरव्या बॅजेसची रांग असते. मर्मेडने मजकुरावरून काढलेल्या आकृत्या असतात, त्या चांगल्याच असतात. तक्रार नाही.

व्हीएचएस नावाच्या साधनाने तर टाइप करणाऱ्यालाच सुट्टी दिली. टेप फाइलीत लिहून ठेवायचं, हे टाइप कर, इतका वेळ थांब, एंटर दाब, आणि जीआयएफ तयार. नवी आवृत्ती आली की पुन्हा चालवायचं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण तिथे चुकायचं असेल तर चूक आधी ठरवावी लागते. बॅकस्पेसचीसुद्धा वेगळी कमांड आहे.

कुणी ती नुसती गंमत म्हणून वापरली असेल का, म्हणून हल्ली मी अनोळखी प्रोजेक्टांच्या टेप फायली उघडून बघतो. अजून सापडली नाही. सापडली, तर ती लायब्ररी गरज नसतानाही बसवीन म्हणतो.