चहाची कोणी तस्करी करतं का मॅडम? (माझा अनुभव)

कादंबरी लिहायला मला चार महिने लागले आणि ती एका संपादकांच्या टेबलावर सात महिने पडून होती, ती पण चहापायी. आता मिटलंय सगळं, पण आठवलं की अजून डोकं फिरतं म्हणून लिहून काढतेय. कोणी ऐतिहासिक रोमान्स लिहायच्या नादाला लागलं असेल तर उपयोग होईल.

गोष्ट साधी. अठराव्या शतकातलं इंग्लंड, तिथला कॉर्नवॉलचा किनारा, बायको वारलेला एक जमीनदार, त्याचा चार वर्षांचा मुलगा, त्या मुलाला सांभाळायला आलेली तरुणी आणि रात्री कड्याखाली होड्या लावणारे तस्कर. लिहिणं, टाइप करणं, पाठवणं यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पंधरा दिवसांत फोन आला, आवडलीय, फक्त एक शंका आहे. ‘तुमचे तस्कर चहा आणतात. चहाची कोणी तस्करी करतं का मॅडम? दारू करा, सोनं करा.’

मी हसलेच. म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे, लगेच मेल टाकली. सर, तेव्हा इंग्लंडमध्ये चहावर कर किती होता तर ११९ टक्के, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा सरकारचाच वाटा जास्त, मग लोक चोरटा चहा घेणार नाहीत तर काय करतील. १७४७ साली हॉकहर्स्टच्या तस्कर टोळीने पूल नावाच्या इंग्लिश बंदरातलं कस्टम हाऊस फोडलं ते काय सोन्यासाठी? जप्त झालेला चहा परत न्यायला! आणि पुढच्या वर्षी त्या केसमधला साक्षीदार आणि त्याच्या बरोबरचा कस्टमचा माणूस, दोघांना हाल हाल करून मारलं. चहासाठी.

उत्तर आलं, ‘बघतो.’

या ‘बघतो’मध्ये माझे पाच महिने गेले. फोन केला की सर मीटिंगमध्ये, नाहीतर सर बाहेरगावी, एकदा तर फोन उचलणारी मुलगीच मला म्हणाली, ‘चहावाल्या मॅडम ना?’ मी आणखी एक मेल पाठवली, मग आठ पानांची टिपणं पाठवली, त्यात ब्रँडीची छोटी पिंपं एक छातीवर एक पाठीवर बांधून माणसं कशी नेत, गस्त दिसली तर तीच पिंपं वजनं लावून समुद्रात बुडवून ठेवत आणि नंतर गळ टाकून काढत, असलं सगळं कोंबलं. चुकलंच माझं. संपादकाला आठ पानं पाठवू नका, कोणी वाचत नाही. शेवटी निरोप काय, तर ‘वाचकाला पटायला हवं.’ आणि जाता जाता एक सूचना, की नायकाला मेव्हणी आहे ना, तिच्याशीच लग्न लावा, आया कशाला मध्ये? आता आपल्याकडे हे सहज चालतं, पण तिकडे चर्चच्या नियमात बायकोच्या बहिणीशी लग्न बसत नव्हतं, १८३५ नंतर तर असं लग्न कायद्यानेच रद्द ठरायचं, आणि परवानगी आली ती थेट १९०७ मध्ये. हे मी कळवलं. उत्तर नाही.

(लग्नावरून आठवलं. समुद्रकाठी मध्यरात्री पाद्री बोलावून गुपचूप लग्न लावू नका, १७५३ च्या कायद्यानंतर तसलं लग्न ग्राह्य नाही. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा जाहीर पुकारा करा नाहीतर परवाना काढा. माझा पहिला शेवट त्यातच गेला.)

मग सहाव्या महिन्यात, रागारागात नववी मेल लिहायला बसले असताना, मला घाम फुटला. तो ११९ टक्के कर १७८४ मध्ये एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला होता, कशासाठी, तर तस्करी मोडायला, आणि चहाची तस्करी खरंच बसली. माझी कादंबरी कधी घडते? १७९० मध्ये. म्हणजे माझे तस्कर जिवावर उदार होऊन जो माल आणत होते त्यात त्यांना काही सुटतच नव्हतं! सरांना अर्थात हे माहीत नव्हतं, त्यांची शंका अडाणीच होती, पण नेमकी लागली.

साल १७८३ केलं. एक आकडा बदलायचा म्हणता म्हणता नायिकाच कोसळली, कारण ती फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून आलेली होती आणि क्रांती १७८९ ची. दोन दिवस नुसती बसून होते. मग तिला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या गर्न्सी बेटावरची केलं. तिथली भाषा फ्रेंचच्याच कुळातली आणि तस्करांना माल पुरवणारी गोदामंही तिथेच, म्हणजे पोरीला चहाच्या पोत्याचा वास लहानपणापासून ओळखीचा. आधीपेक्षा बरं जमलं, खरं सांगते.

आणि पुरावे पाठवणं बंद करून मी एकच प्रसंग नव्याने लिहिला. ती मुलाची गादी उन्हात टाकायला उचलते तर एका टोकाला जड लागते. शिवण डांबर लावलेल्या सुतळीची, असली सुतळी घरात कोण वापरतं? उसवते तर आत तेलकट कापडाची पिशवी, आणि तो वास. मुलगा म्हणतो, ‘ती बाबांनी ठेवलीय.’ ती गुपचूप परत शिवते, पण तिच्याकडे पांढराच दोरा असतो. रात्री बाप मुलाला झोपवायला वाकतो आणि त्याला तो पांढरा दोरा दिसतो.

इथे अजून एक सांगायचं राहिलं, तू आणि तुम्ही. मालक नोकराला पहिल्यापासून ‘तू’च म्हणणार, मग प्रेम झाल्यावर बदलणार काय? माझं यात फार दिवस अडलं होतं. उलटं केलं. तो दोरा बघून तो तिला पहिल्यांदा म्हणतो, ‘तुम्ही कोणाला सांगितलंत?’ त्याआधी शंभर पानं ‘तू’. (आणि ‘आया’ हा शब्दही काढला, दाई म्हटलं तर बाळंतपण वाटतं, नर्स म्हटलं तर इंजेक्शन, सरळ तिच्या नावानेच लिहिलं.)

नऊ दिवसांत फोन. ‘आता चहा पटला बघा.’ सात महिने आणि नऊ दिवस! मी थँक्यू म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

परवा प्रुफं आली. पहिल्याच पानावर १७८३ भोवती पेन्सिलने गोल आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘आधीच्या प्रतीत १७९० होतं ना?’

मी खाली ‘टायपिंगची चूक’ असं लिहून परत पाठवलं.