मानमोडीचा विषाणू आणि उरलेली कुपी

मी पशुधन पर्यवेक्षक. यवतमाळ जिल्ह्यातली काही गावं माझ्याकडे आहेत. उन्हाळा लागायच्या आत घरोघरच्या गावरान कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस देणं हे ठरलेलं काम. लस चुकली की काय होतं ते इथल्या कोणत्याही बाईला विचारा. कोंबडी हिरवं हगते, पंख लोंबतात, मान पिळून पाठीवर जाते आणि आठवडाभरात खुराडं रिकामं.

हाच विषाणू माणसाच्या कॅन्सरवर वापरून बघितला गेलाय. हंगेरीत पोटाचा कॅन्सर पसरलेल्या एका कोंबडीपालकाच्या कळपात हा रोग आला आणि त्यानंतर त्याची गाठ ओसरली, असं डॉ. चातारी यांना दिसलं. 1971 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलंही. आता एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही गुरांच्या डॉक्टरकीतही शिकतो. पण त्यामागची गोष्ट खरी निघाली. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडून शेजारणींना सावध करते. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींची ही सोय मोडलेली असते. त्यामुळे विषाणू तिथं मोकाट वाढतो, पेशी फोडतो, आणि फुटलेल्या पेशीचे तुकडे बघून शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठीवर तुटून पडते. माणसाला या विषाणूनं फार तर डोळे येतात. लस देणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

मानमोडीचा विषाणू अजून चाचण्यांमध्येच आहे. अमेरिकेत ऑक्टोबर 2015 मध्ये मान्यता मिळाली ती ओठावर फोड आणणाऱ्या नागीण जातीच्या विषाणूला, ‘टी-व्हेक’ला. त्याची दोन जनुकं काढली, प्रतिकारशक्ती चेतवणारं एक घातलं, आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीत थेट सुई. 436 रोग्यांच्या चाचणीत सहा महिने किंवा जास्त टिकणारा गुण आला तो शेकडा 16 जणांना. तुलनेच्या औषधावर शेकडा 2. मला हा आकडा चांगला वाटतो. पण उरलेल्या 84 जणांचं काय, हे मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

असाच व्हिडिओ बघून परवा एक ओळखीचे काका आले. लसीकरण आटोपलं होतं, थर्मासमध्ये लासोटाची, म्हणजे मानमोडीच्या लसीची, अर्धी कुपी उरली होती.

“डॉक्टर, थे उरलेली कुपी द्या ना. माह्या साळ्याच्या तोंडात चट्टा हाये. कोंबड्यायच्या रोगानं कॅन्सर बरा होते म्हंतेत.”

साळा सोबतच होता, हातात खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी. मी म्हटलं, ही लस कोंबडीच्या डोळ्यात थेंबभर टाकायची. माणसाला देतात तो विषाणू वेगळा शुद्ध केलेला, मोजलेला, दवाखान्यात देखरेखीखाली दिलेला असतो. मग तोंड किती उघडतं ते बघायला त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. दोनच गेली. चट्टा पांढरा, गालाच्या आत, खर्रा धरायच्याच जागी. कॅन्सर आहे की नाही ते तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तो तपासायची सोय सेवाग्रामला आहे. निघाला कॅन्सर, तर आधी ऑपरेशन, शेक (रेडिएशन), केमो यांचाच विचार. विषाणू नंतर बघू.

“आन् कुपी?” काकांनी विचारलं.

“ते उकळत्या पाण्यात जाते.”

“वाया घालवता राजेहो. मले तरी द्या, दोन कोंबड्या राह्यल्या हायेत माह्या.”

लस विरघळवून दोन तास होऊन गेले होते, आता तिचा भरवसा नव्हता. नाही दिली.