पेवाचं तोंड

मंगळवार, रात्र.

आजचा दिवस सांगलीच्या मार्केट यार्डात, काकांच्या अडतीवर गेला. हळदीच्या काट्यावरचं वजन टिपणारा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) तिथं मीच बसवलाय. मागच्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावात दोन मेमरी कार्डं गेली, तेव्हा वैतागून रूट फाइलसिस्टिम, म्हणजे कार्डावर सगळी सिस्टिम असते तो भाग, रीड-ओन्ली केली: वाचता येतो, लिहिता येत नाही. त्यानंतर एकही कार्ड गेलं नाही. (दृष्ट न लागो.)

भानगड एकच, नवं पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकायचं कसं? आधी ओव्हरले, म्हणजे रूटवर एक तात्पुरता थर, वापरून पाहिलं. त्यात लिहिलेलं सगळं रॅममध्ये. पॅकेज झकास बसलं, रात्री वीज गेली, पॅकेजही गेलं. "काल बसवलंस ते कुठाय रे?" काकांनी विचारलंच.

आता एपीटीच्या (पॅकेज आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये दोन ओळी आहेत: डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा) चालण्याआधी रूट रीड-राइट करायची, काम झालं की परत रीड-ओन्ली. व्हार हा बदलत्या फाइलींचा फोल्डर मात्र वेगळ्या, लिहिता येणाऱ्या पार्टिशनवर. डीपीकेजीची नोंदवही तिथं असते आणि तिचं लॉक मिळालं नाही तर एपीटी त्या दोन ओळींपर्यंत पोचतच नाही. यात माझा एक रविवार गेलाय.

आज घरून जोडता यावं म्हणून वायरगार्ड (दुरून सुरक्षित जोडणी देणारं) टाकलं, लगे हात सुरक्षेचे अपडेटही घेतले. सगळं बसलं, पण रूट रीड-ओन्ली होईना. 'बिझी' म्हणे. एलएसओएफ कमांडने पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली शोधल्या. चोर माझाच निघाला! वजनाच्या स्क्रिप्टने ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची) अपडेटने पुसलेली जुनी लायब्ररी धरून ठेवलेली. फाइलचं नाव गेलं तरी स्क्रिप्ट सोडत नाही तोवर तिची डिस्कवरची जागा मोकळी होत नाही, आणि तोवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) रूट रीड-ओन्ली करू देत नाही. स्क्रिप्ट रीस्टार्ट करावी, तर बाहेर सौदे चाललेले, काट्यावर पोती.

काकांना हे कसंबसं सांगितलं. त्यांचं आयुष्य हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवण्यात गेलेलं. म्हणाले, "मग बरोबर आहे की. आत माणूस असताना पेवाचं तोंड कोण लिंपतं?"

इतकी वर्षं मी हे लोकांना आयनोड-बियनोड सांगून समजावतोय.

साडेचारला काटा थांबला. स्क्रिप्ट रीस्टार्ट केली, रूट रीड-ओन्ली करायला परत रिमाउंट दिलं, यावेळी चूपचाप झालं. घरी येऊन जेवायला बसल्यावर आठवलं, घरून जोडायच्या फोनची की (ओळखीची किल्ली) पायवरच्या वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये घालायचीच राहिली. ती फाइल ईटीसी फोल्डरात, म्हणजे रूटवरच. उद्या परत यार्डात.